वाटपाचा दावा चौदा वर्षं का चालतो, कोर्टाच्या आत बसून बघितलेलं सांगतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांनी २०११ साली तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला, मधे वडील वारले, २०२१ ला एक चुलते वारले, आज चौदा वर्षं झाली तरी दावा पुराव्यालाच आहे. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, जजसाहेब दिवसभर करतात काय, देशात पाच कोटी केसेस तुंबल्यात म्हणतात त्या नेमक्या कुठं तुंबल्यात, आणि ह्यात आपल्यासारख्या माणसाच्या हातात काय आहे का. तिन्हीचं उत्तर देतो, जरा लांब होईल, पण तुमच्यासारखा प्रश्न मला गावात दर आठवड्याला कोणीतरी विचारतं म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोर्टांत ३४ वर्षं नोकरी केली. ज्युनिअर क्लार्क म्हणून लागलो, मग बेंच क्लार्क, नाझरात म्हणजे समन्स बजावणी बघणाऱ्या विभागात काही वर्षं, रेकॉर्ड रूम, नक्कल विभाग, आणि शेवटी अधीक्षक म्हणून रिटायर झालो. म्हणजे कायद्याचा अर्थ तुम्हाला वकीलच सांगतील, पण फाईल कोणत्या टेबलावर का थांबते हे मी आयुष्यभर बघितलंय.

आधी आकडे बघू म्हणजे अंदाज येईल. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड म्हणून सरकारी पोर्टल आहे, कोणीही उघडून बघू शकतं, त्यावर सगळ्या कोर्टांचे मिळून प्रलंबित खटले पाच कोटींच्या वर दिसतात, आणि त्यातले साडेचार कोटींहून जास्त हे जिल्हा आणि तालुका कोर्टातले. सुप्रीम कोर्टाची बातमी रोज येते पण तिथं हजारांत मोजायचे आहेत, खरा ढीग आपल्या कराड, वाई, वडूज, विटा, जत असल्या कोर्टांत आहे. आता माणसं किती, तर देशभरात खालच्या कोर्टांत जजच्या मंजूर जागा साधारण २५ हजार, त्यातल्या पाच एक हजार कायम रिकाम्या. भागाकार करून बघा, एका जजच्या वाट्याला सरासरी दोन हजारांच्या वर केसेस येतात, आणि ही सरासरी झाली, काही तालुका कोर्टांत एकट्या साहेबांकडं चार-चार हजार फायली मी बघितल्यात. लॉ कमिशनने १९८७ सालीच म्हटलं होतं की दहा लाख लोकांमागं ५० जज पाहिजेत, त्यावेळी साडेदहा होते. सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितलं की पाच वर्षांत ५० करा. आज जेमतेम एकवीस-बावीस आहेत. म्हणजे मी नोकरीला लागायच्या आधी लिहिलेली गोष्ट मी रिटायर झालो तरी निम्म्यावर पण आली नाही, आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्या वर्षांत किती म्हातारी माणसं तारखेला येता येता गेली ते मी माझ्या टेबलावरून बघितलंय.

पण नुसते जज कमी आहेत एवढं सांगून मी थांबणार नाही, कारण तुमच्या दाव्याची चौदा वर्षं तेवढ्यानं गेलेली नाहीत.

साहेबांचा दिवस सांगतो. अकराला डायसवर बसतात. त्या दिवशीचा बोर्ड म्हणजे लागलेल्या केसेसची यादी, ती साठ-सत्तरच्या खाली सहसा नसते, शंभरच्या वर गेलेली पण मी किती वेळा टाइप केलीय. आता शंभर केसेस आणि कामाचे तास जेमतेम साडेपाच, म्हणजे एका केसला किती मिनिटं येतात ते तुम्हीच बघा. पहिला तास-दीड तास नुसता पुकारा असतो. शिपाई नाव पुकारतो, वादी हजर, प्रतिवादीचे वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, मुदतीचा अर्ज, पुढची तारीख. समन्स परत आलं नाही, पुढची तारीख. कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर दाखल नाही, पुढची तारीख. त्यात मधेच पोलीस आरोपीला घेऊन रिमांडला येतात, ते आधी घ्यावं लागतं, जामिनाचा अर्ज आधी घ्यावा लागतो, कोणी तातडीच्या मनाईसाठी निशाणी ५ चा अर्ज घेऊन आलं की ते ऐकावं लागतं कारण समोरचा उद्या जेसीबी लावणार असतो. साडेबारा-एक वाजता कुठं पहिला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. सरतपास, म्हणजे साक्षीदाराने आपल्याच बाजूनं सांगायचं ते, आता प्रतिज्ञापत्रावर असतो, २००२ च्या दुरुस्तीनंतर, त्यानं वेळ वाचला हे खरं, पण उलटतपास तोंडीच असतो आणि तो साहेब स्वतः सांगून टाइप करून घेतात. वाक्य न वाक्य. म्हातारा साक्षीदार असला की त्याला प्रश्न समजायला वेळ, मग तो पन्नास साली आजोबा काय म्हणाले होते तिथपासून सुरू करतो. दिवसाला दोन साक्षीदार पूर्ण झाले तर तो दिवस चांगला गेला असं आम्ही म्हणायचो.

आणि निकाल कधी लिहितात, तर घरी, रात्री, आणि रविवारी. सुट्ट्यांचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या ओळखीतले किती साहेब निकालाच्या फायली ट्रंकेत भरून गावी घेऊन जायचे, मी स्वतः यादी करून दिलेली आहे. रिमांडचं काम तर सुट्टीत पण चालूच असतं. कोर्टाची सुट्टी कमी केली तर फरक पडेल असं मला वाटत नाही, तो वेळ निकाल लिहायला लागतोच, फक्त जागा बदलेल.

ह्याशिवाय साहेबांना जेल व्हिजिट, विधी सेवेची शिबिरं, महिन्याची स्टेटमेंटं, वरून मागवलेली माहिती. जिल्ह्याच्या मुख्य जिल्हा न्यायाधीशांचा तर अर्धा वेळ ऑफिसच्या कामात जातो, कर्मचाऱ्यांच्या बदल्या, भरती, खातेनिहाय चौकशा, तालुका कोर्टांची तपासणी, इमारतीच्या गळतीसाठी बांधकाम खात्याला पत्रं. पावसाळ्यात महाबळेश्वर-मेढ्याकडच्या भागात रेकॉर्डला ओल लागू नये म्हणून काय काय करावं लागतं ते आमच्या लोकांनाच माहीत. हे सगळं काम तोच माणूस करतो जो खुनाच्या खटल्याचा निकाल पण लिहितो.

आता मुद्द्यावर येतो. रेकॉर्ड रूमला असताना मी एकदा एका निकाली निघालेल्या जुन्या वाटपाच्या दाव्याचा रोजनामा काढून बसलो. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, चार ओळींची, बेंच क्लार्क लिहितो आणि साहेब सही करतात. दावा सोळा वर्षं चाललेला. मी वहीत एक-एक तारखेपुढं कारण लिहीत गेलो. सगळा दिवस लागला. निम्म्याहून जास्त तारखा अशा निघाल्या की त्या दिवशी दाव्यात काहीच झालेलं नव्हतं, आणि त्यातल्या बहुतेक वेळा साहेब डायसवर हजर होते, कोर्ट चालू होतं. समन्स बजावून आलं नाही. वारसांचे पत्ते दिले नाहीत. प्रोसेस फी, म्हणजे समन्स पाठवायची फी, भरली नाही. वकील बाहेरगावी. मोजणीचा नकाशा आला नाही. फाईल वरच्या कोर्टात गेली. साहेबांची बदली, नवीन साहेब यायचेत. माझ्या ३४ वर्षांत मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही की पाच कोटींचा ढीग अशा रिकाम्या तारखांचा बनलेला आहे. खरी सुनावणी, साक्षी आणि युक्तिवाद मिळून त्या सोळा वर्षांच्या दाव्यात दोन-तीन आठवड्यांचं काम होतं.

समन्सचंच घ्या, कारण ते सगळ्यात जास्त वेळ खातं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. समन्स बजावतो बेलिफ, तो नाझराच्या हाताखाली. एका बेलिफकडं वीस-पंचवीस गावं. पाटण, जावळी तालुक्यात कोयनेच्या बॅकवॉटरकडच्या वाड्या-वस्त्यांवर एक समन्स बजवायला अख्खा दिवस जातो, एसटी दिवसातून एकदा, मग पुढं चालत. आणि पोचल्यावर कळतं की पार्टी मुंबईत आहे. आपल्या सातारच्या घराघरातला एक भाऊ मुंबईत माथाडी कामाला, म्हणजे वाटपाच्या दाव्यात निम्मे प्रतिवादी मुंबईचे. पत्ता काय दिलेला असतो, तर अमुक चाळ, घाटकोपर. मग ते समन्स मुंबईच्या कोर्टाकडं पाठवायचं, तिथल्या नाझराकडून बजावणी व्हायची, तीन-चार महिन्यांनी शेरा येतो की सदर इसम ह्या पत्त्यावर राहत नाही, चाळ पाडून टॉवर झालाय. परत नवीन पत्ता, परत प्रोसेस फी, परत तीन महिने. दहा प्रतिवादी असतील आणि एकाची जरी बजावणी राहिली तरी दावा पुढं सरकत नाही. आणि बेलिफच्या जागा, क्लार्कच्या जागा, स्टेनोच्या जागा पण रिकाम्याच असतात. जजच्या जागांची बातमी तरी येते, बेलिफच्या जागेची कधी आलेली मी वाचली नाही. स्टेनो नाही म्हणून साहेब स्वतः दोन बोटांनी निकाल टाइप करतायत हे मी बघितलंय आणि तेव्हा मला फार वाईट वाटायचं, इतका शिकलेला माणूस, त्याचा वेळ कशात जातोय.

वाटपाच्या दाव्याचं अजून एक आहे. ह्या दाव्यात माणसं वाढत जातात. चुलते वारले की त्यांचे सगळे वारस, मुलगे, लग्न झालेल्या मुली, विधवा, हे सगळे रेकॉर्डवर आणावे लागतात आणि त्याला मुदत आहे ९० दिवसांची. ती चुकली की मयतापुरता दावा बाद होतो, आणि वाटपात सगळे हिस्सेदार लागतात म्हणून कधी कधी अख्खाच अडचणीत येतो. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यावर सुनावणी, त्यावर आदेश, वर्ष गेलं. तुमचे चुलते २०२१ ला वारले म्हणता, तर तुमच्या रोजनाम्यात बघा, त्यांचे वारस कधी लावले. मला शंका आहे की तुमची दोन-तीन वर्षं तिथंच गेलीत. त्यात २०२० च्या ऑगस्टमध्ये विनीता शर्मा केसचा निकाल आला, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, कायदा बदलला तेव्हा म्हणजे २००५ ला वडील हयात असले पाहिजेत असं नाही. निकाल फार चांगला, बहिणींना न्याय मिळाला, पण आमच्या टेबलावर त्याचा परिणाम असा झाला की चालू दाव्यांत आत्या आणि बहिणी हिस्सा मागायला अर्ज घेऊन आल्या, हिस्से परत मोजायला लागले, दाव्यात दुरुस्त्या, नव्याने कैफियती. हे व्हायलाच पाहिजे होतं. फक्त त्यासाठी जादा माणसं कोणी दिली नाहीत.

आणि तुम्हाला अजून माहीत नसलेली एक गोष्ट आत्ताच सांगतो म्हणजे नंतर धक्का बसायला नको. वाटपात निकाल लागला म्हणजे जमीन हातात आली असं होत नाही. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, कोणाचा किती हिस्सा एवढंच त्यात ठरतं. शेतजमीन असेल तर प्रत्यक्ष वाटपासाठी ते प्रकरण दिवाणी कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडं जातं, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेखला मोजणी, तिथं पावसाळ्यात मोजणी बंद, उसात मोजणी होत नाही, ऊस तोडला की समोरचा हरकत घेतो. लोक वर्षानुवर्षं हुकूमनाम्याचा कागद कपाटात ठेवून बसतात कारण त्यांना वाटतं केस जिंकली. सुप्रीम कोर्टाने २०२२ साली सांगितलंय की प्राथमिक हुकूमनामा झाल्यावर कोर्टाने स्वतःहून पुढची तारीख लावून अंतिम हुकूमनाम्याकडं जावं, पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट बघू नये. हे वकिलांना आठवण करून द्या. दरखास्तींचं तर असं आहे की जिंकलेल्या निकालाची अंमलबजावणी मागणारे अर्जच देशात आठ लाखांच्या वर पडून आहेत असं सुप्रीम कोर्टासमोर २०२५ मध्ये आलं, आणि त्यात आपला महाराष्ट्र सगळ्यात पुढं. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असं त्याच कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलेलं होतं.

कायदा बदलला की सगळं सुटतं असं लोकांना वाटतं म्हणून एक जुनं उदाहरण देतो. आपल्या महाराष्ट्रात दिवाणी कायद्यात कलम ९अ म्हणून खास तरतूद होती. मनाईचा अर्ज आला आणि प्रतिवादीने हरकत घेतली की ह्या कोर्टाला अधिकारच नाही, तर आधी तो एकच मुद्दा पुराव्यासह ठरवायचा आणि मग बाकीचं. उद्देश बरा होता, पण लोकांनी त्याचा वापर दावा थांबवायला केला. त्या एका मुद्द्यावर साक्षी, त्यावर वरच्या कोर्टात रिव्हिजन म्हणजे फेरतपासणीचा अर्ज, तोपर्यंत मूळ दावा कपाटात. १९७७ पासून होतं ते, २०१८ मध्ये रद्द केलं. तुमचा दावा २०११ चा, म्हणजे त्यात पण हा प्रकार झाला असेल तर रोजनाम्यात सापडेल. दुसरीकडं, कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यायची आणि एका बाजूला तीनपेक्षा जास्त मुदती द्यायच्या नाहीत हे कायद्यात २००२ पासून लिहिलेलं आहे. आता फौजदारीत पण नवीन संहितेत दोनच मुदती म्हटलंय, १ जुलै २०२४ पासून. पण साहेबांच्या बाजूनं विचार करा, शंभरचा बोर्ड आहे, आज ऐकायला वेळच नाही, मग वकिलाने मुदत मागितली तर ती नाकारून करणार काय? नाकारायची तर त्या क्षणी ती केस चालवायला मोकळा वेळ पाहिजे. म्हणून मुदत मिळते. मी कित्येक कडक साहेब बघितले, पहिले सहा महिने मुदत नाकारायचे, मग बोर्डानेच त्यांना नरम केलं.

फौजदारीचं थोडक्यात सांगतो कारण तुमचा विषय तो नाही, पण खालच्या कोर्टांतल्या प्रलंबित खटल्यांत तीन चतुर्थांश फौजदारीच आहेत. तिथं साक्षीदार येत नाही, तपास करणाऱ्या फौजदाराची बदली गडचिरोलीला झालेली असते, केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट आलेला नसतो, आरोपी जेलमधून आणायला पोलीस पार्टी मिळत नाही. ऊसतोडणीच्या दिवसात साक्षीदार शेतात, आणि माउलींची पालखी लोणंद-फलटणला असली की पोलीस सगळे बंदोबस्ताला. व्हिडिओ कॉन्फरन्सने आरोपीचा प्रश्न बराचसा सुटला, हे मोठं काम झालं. पण चेक बाऊन्सच्या केसेसनी मॅजिस्ट्रेट कोर्टं अक्षरशः भरून टाकली. आपल्याकडं पतसंस्था गावोगावी, कर्ज देताना कोरे चेक घ्यायचे आणि थकलं की एका दिवशी शंभर-दोनशे तक्रारी दाखल. कायद्यात लिहिलंय सहा महिन्यांत संपवा. आरोपीला समन्स लागायलाच वर्ष जातं.

कारभाराचं म्हणाल तर मालक दोन आहेत आणि अडचण तिथंच आहे. खालच्या कोर्टांवर देखरेख हायकोर्टाची, घटनेच्या कलम २३५ प्रमाणे, आणि पैसा राज्य सरकारचा. हायकोर्ट म्हणतं इतकी कोर्टं, इतके कर्मचारी पाहिजेत, प्रस्ताव मंत्रालयात जातो, वित्त विभागात फिरतो, त्यात वर्षं जातात. आमच्या एका ठिकाणी नवीन कोर्ट मंजूर झालं, साहेब आले, आणि स्टाफ मात्र जुन्या कोर्टातूनच वाटून घ्यायला सांगितला. म्हणजे दोन कोर्टं आणि माणसं एकाचीच. ते वर्ष आम्ही रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसून काढलं. आणि साहेबांची बदली साधारण तीन वर्षांनी, जूनमध्ये. युक्तिवाद ऐकून निकालाला ठेवलेली केस राहिली की नवीन साहेबांनी युक्तिवाद परत ऐकायचा. म्हणून एप्रिल-मेमध्ये निकालांची घाई आणि जून-जुलै नुसता फायली समजून घेण्यात, हे दर वर्षीचं.

कामाचं मोजमाप युनिटवर होतं. कोणत्या प्रकारच्या केसला किती युनिट ते ठरलेलं आहे. उद्देश चांगला, पण ह्यात काय होतं की सोपी, तडजोडीची, कबुलीची केस लवकर निघते आणि वीस प्रतिवादींचा वाटपाचा दावा मागं राहतो, कारण तेवढ्या कष्टात पाच दुसऱ्या निघतात. मग हायकोर्ट जुन्या केसेसची मोहीम लावतं, दहा वर्षांवरच्या आधी घ्या, तेव्हा त्या हलतात. तुमचा दावा चौदा वर्षांचा म्हणजे तो ह्या यादीत असणारच, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, वापरा ती. लोक अदालतीबद्दल माझं मत असं की भावाभावांच्या वादाला त्याच्यासारखा उपाय नाही, तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, कोर्ट फी पण परत मिळते. पण लोक अदालतीचे जे मोठे आकडे पेपरात येतात त्यात ट्रॅफिकचे चलान, बँकांच्या थकबाकीच्या नोटिसा, घरपट्टी-पाणीपट्टी असं कोर्टात दाखलच न झालेलं खूप असतं. त्या आकड्यांनी तुमच्या-माझ्या दाव्यांचा ढीग तेवढा कमी झाला असं धरू नका.

आमच्याकडं जुनी माणसं सांगायची की पत्रीसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या वेळी, १९४३ नंतर, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी गावोगावी न्यायदान मंडळं चालवली आणि बांधाचे, सावकारीचे वाद बसल्या बैठकीत मिटायचे. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगावसारखे तालुके पण सातारा जिल्ह्यातच होते. माझे आजोबा असल्या एका बैठकीला होते, ते फार अभिमानाने सांगायचे. मला नोकरीत नेहमी ते आठवायचं. तिथं वादी, प्रतिवादी, साक्षीदार, बांध, सगळं शंभर पावलांवर, समन्स म्हणजे पोरगं पळत जाऊन बोलावून आणायचं. आजच्या कोर्टात प्रत्येकाला नोटीस मिळालीच पाहिजे, म्हणणं मांडायची संधी मिळालीच पाहिजे, अपिलाचा हक्क पाहिजे, आणि ते असायलाच पाहिजे, कारण बैठकीत दुबळ्याचं, विशेषतः बाईचं, कोण ऐकतं हे पण आपल्याला माहीत आहे. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे, सगळे एका दिवशी एका जागी तयार असायचे. आमच्या एका साहेबांनी हेच केलं होतं. तयार नसलेल्या केसेस, म्हणजे समन्सच्या, वारसांच्या, कागदाच्या, ह्यांची सगळी यादी त्यांनी आठवड्यातल्या ठराविक दिवशी वेगळी लावली, ऑफिसकडून आधीच बजावणीचा रिपोर्ट घेतला, आणि बाकी दिवस बोर्डवर फक्त चालवायला तयार अशा पंधरा-वीस केसेस. दीड वर्षात त्या कोर्टातले दहा वर्षांवरचे जवळपास सगळे दावे निघाले. नाझर आणि मी मिळून रोज संध्याकाळी बजावणीचं रजिस्टर बघायचो, एवढंच आमचं जादा काम. त्यांची बदली झाली आणि पुढं ते मोडलं, कारण ती त्या एका माणसाची सवय होती, कुठल्या परिपत्रकात नव्हती. माझं म्हणणं हेच आहे की बोर्डाची आखणी हे एका माणसाच्या मर्जीवर राहू नये, त्यासाठी प्रत्येक कोर्टाला वेगळा प्रशिक्षित माणूस द्यावा, साहेबांनी फक्त ऐकावं आणि निकाल द्यावा. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झालेत, कॉम्प्युटर आले, स्कॅनिंग होतंय, चांगलंच आहे, मोबाईलवर तारीख कळते म्हणून म्हाताऱ्यांचे किती हेलपाटे वाचले. पण घाटकोपरच्या पाडलेल्या चाळीतला माणूस शोधायला शेवटी बेलिफच लागतो.

आता तुमचं काम. दाव्याचा सीएनआर नंबर असतो, १६ अक्षरांचा, तो वकिलांकडून घ्या आणि ई-कोर्ट ॲपवर टाका, सगळ्या तारखा दिसतील. पण ॲपवर कारण एका शब्दात असतं, म्हणून नक्कल विभागात अर्ज करून पूर्ण रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा, खर्च फार नाही. मग एक वही घ्या आणि मी केलं तसं प्रत्येक तारखेपुढं कारण लिहा. दोन तासांत तुम्हाला कळेल तुमची चौदा वर्षं कुठं गेली. प्रोसेस फी न भरल्यामुळं, वारस न लावल्यामुळं, आपल्याच बाजूनं मुदत मागितल्यामुळं ज्या तारखा गेल्यात त्या वेगळ्या काढा, हे वाचून तुम्हाला त्रास होईल, पण ते बघाच. वकिलांशी भांडू नका, वही दाखवून विचारा की आता नेमकं काय बाकी आहे.

सगळ्या प्रतिवादींचे आजचे पत्ते आणि मोबाईल नंबर तुम्ही स्वतः गोळा करा, नात्यातलेच आहेत, लग्नकार्यात सगळ्यांची गाठ पडते. बेलिफबरोबर माणूस पाठवून घर दाखवता येतं, ह्याला दर्शक देणं म्हणतात, त्यानं तीन महिन्यांचं काम तीन दिवसांत होतं. दावा जुना आहे आणि वादी पक्षात ज्येष्ठ नागरिक असेल, म्हणजे तुमची आई, तर लवकर चालवण्याचा अर्ज द्या, वयाचा पुरावा जोडा. भावकीत एक जरी शहाणं माणूस बोलायला तयार असेल तर पुढच्या लोक अदालतीत प्रकरण ठेवा, तडजोडीत निदान हिस्से तरी ठरवून घ्या, मोजणीची वेळ आली तरी हरकत येणार नाही. आणि वर जायची वेळ आलीच तर आता हायकोर्टासाठी मुंबईला जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढे जिल्हे त्यात आहेत. ह्यासाठी आपल्या भागातल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली, कामकाजावर बहिष्कार टाकले, ते सगळं मी बघितलंय आणि ते झालं ह्याचा मला खूप आनंद आहे.

सगळ्यात आधी मात्र चुलत्यांच्या वारसांचं तपासा. मृत्यूचा दाखला, वारसांची पूर्ण नावं, लग्न झालेल्या मुलींची सासरची नावं आणि पत्ते, हे कागद पुढच्या तारखेच्या आठ दिवस आधी वकिलांच्या ऑफिसात पोचवा, तारखेच्या सकाळी नको. वारस रेकॉर्डवर आलेले नसतील तर विलंब माफीचा अर्ज त्याच दिवशी सोबत द्यायला सांगा. रोजनामा हातात आला आणि त्यातलं काही समजलं नाही तर इथंच विचारा, नावं झाकून त्यातल्या ओळी लिहा, प्रत्येक शेऱ्याचा अर्थ मी सांगतो.